जुना डेस्कटॉप सारखा अडकतोय, रॅम वाढवू, एसएसडी (चिपवरची, न फिरणारी वेगवान डिस्क) टाकू की भंगारात काढू?

घरचा_पीसी
नमस्कार मंडळी. घरात एक जुना डेस्कटॉप आहे, इंटेलचा आय३ प्रोसेसर तिसऱ्या जनरेशनचा, ४ जीबी डीडीआर३ रॅम (एकच पट्टी), ५०० जीबीची साधी फिरती हार्ड डिस्क. घेतला तेव्हा विंडोज ७ होतं, नंतर फुकट अपग्रेड मिळत होतं तेव्हा १० टाकलं. सुरू व्हायला इतका वेळ लागतो की बटण दाबून मी दुसरी कामं उरकून येतो, पण ते एक वेळ चालवून घेतलं असतं, आता मात्र काम करता करता मधेच अडकतो. माउसचा बाण हलतो पण कशावरही क्लिक करा, ढिम्म. मग थोड्या वेळाने आपोआप सुटतो आणि मधे जेवढे क्लिक मारले असतील ते सगळे एकदम लागू होऊन धडाधड खिडक्या उघडतात. कधी कधी सुटतच नाही, पॉवर बटण दाबून धरून बंद करावा लागतो.

केलेले उपाय: टेंप फाइल उडवल्या, अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन, डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेल्या फाइली एकत्र लावणं), शेवटी वैतागून फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं. फॉरमॅटनंतर थोडे दिवस बरा होता, मग परत पहिले पाढे पंचावन्न. वापर फार नाही, ब्राउझर, थोडं एक्सेल, जुने फोटो. काय करावं?

बिनधास्त
भंगार. इतक्या जुन्या मशीनमागे वेळ घालवण्यात अर्थ नाही, नवीन घ्या.

डबलक्लिक
एक रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही साफ करणारा) टाका आणि एक ड्रायव्हर अपडेटर. माझा लॅपटॉप असाच झाला होता, क्लीनरने हजारभर एरर दाखवले, सगळे फिक्स केले. फरक पडला असं वाटतंय तरी.

तारेवरचा
डबलक्लिक, "वाटतंय तरी" हेच त्या क्लीनरचं खरं काम आहे हो :) रजिस्ट्रीत चार मोडक्या नोंदी पडून राहिल्या म्हणून मशीन मिनिटभर अडकत नाही. उलट हे क्लीनर, ते अपडेटर आणि दुसरा अँटिव्हायरस असं सगळं विंडोजबरोबर सुरू होऊन ४ जीबीतली उरलीसुरली रॅमही खाऊन टाकतं.

घरचा_पीसी, तुमच्या मशीनला बहुतेक दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही दोन्हीला एकच औषध देताय. कायम संथ चालणं वेगळं आणि मधेच अडकून पडणं वेगळं. संथ चालण्याला ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क एवढं कारण पुरतं, त्यात बिघाड असा काही नाही. अडकणं हा मात्र बिघाड, आणि तो शोधल्याशिवाय रॅम घेतली तर नव्या रॅमवर तसंच अडकेल.

अडकण्याची जातही बघावी लागते. बाण हलतोय, क्लिक साठून राहतायत आणि मग एकदम सुटतात म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, तो कशाची तरी वाट बघतोय, आणि बहुतेक वेळा ती वाट डिस्कची असते. बाणसुद्धा गोठला, गाणं लागलेलं असेल तर त्याचा एकच तुकडा टर्रर्र वाजत राहिला, की मग रॅम, ग्राफिक्स ड्रायव्हर, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड असा संशय. पुढच्या वेळी अडकला की कॅप्स लॉक दाबून बघा, कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का. दिवा ऐकत असेल तर विंडोजचा गाभा अजून चालू आहे. नसेल ऐकत तर पार गोठलंय.

दुसरं, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर आधीपासून उघडा ठेवा. अडकल्यावर उघडायला जाल तर तोही अडकेल. परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करून ठेवा आणि बघा अडकतो तेव्हा काय दिसतं.

निवांत
+१ तारेवरचा. आणि काहीही करायच्या आधी फोटो दुसरीकडे कॉपी करून घ्या. डिस्कवर संशय असताना चाचण्या नंतर, बॅकअप आधी.

घरचा_पीसी
धन्यवाद. फोटो आणि एक्सेल बाहेरच्या डिस्कवर घेतले, कॉपी होताना पण मधे मधे स्पीड शून्यावर जाऊन परत सुरू होत होता. कॅप्स लॉकचा दिवा ऐकतो. टास्क मॅनेजरमध्ये अडकल्यावर डिस्क १००% दिसते पण गंमत म्हणजे खाली रीड स्पीड आणि राइट स्पीड दोन्ही शून्य! काहीच वाचत नाही, काहीच लिहीत नाही, तरी १००% कसं?

तारेवरचा
हेच हवं होतं. तो टक्का डिस्क किती माहिती हलवतेय याचा नाही, किती वेळ "कामात" आहे याचा. विंडोजने काहीतरी मागितलं, उत्तर आलं नाही, तोवर सगळा वेळ कामातच मोजला जातो. तिथेच ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम असं असतं, फिरत्या डिस्कला ते साधारण १०-२० मिलिसेकंदाच्या आसपास असलं की ठीक, ओझं आलं की शंभरी गाठते तेही समजू शकतो. तुमच्याकडे अडकल्यावर हजारांत जात असेल.

आता इव्हेंट व्ह्यूअर (विंडोज घडामोडी टिपून ठेवतं ती वही) उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टम. अडकण्याची वेळ लक्षात ठेवून त्या वेळच्या पिवळ्या-लाल नोंदी बघा. 'डिस्क' नावाखाली ७ नंबर म्हणजे बॅड ब्लॉक. १५३ म्हणजे मागणी परत परत करावी लागली. 'स्टोरएएचसीआय' खाली १२९ म्हणजे डिस्क उत्तरच देईना म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं. ४१ कर्नल-पॉवर भरपूर दिसतील पण त्यांनी घाबरू नका, तुम्ही बटण दाबून बंद केलंत त्याच्या त्या नोंदी.

जुनाट
मधेच घुसतोय. तापमान कुणीच विचारलं नाही! जुन्या मशीनमध्ये हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसतो आणि खालची थर्मल पेस्ट वाळून खडू होते. प्रोसेसर शंभर डिग्रीच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो, त्याहून वर गेला तर मशीन फटकन बंद. एचडब्ल्यूइन्फो किंवा तसलं काही टाकून आकडे बघा. पंख्याचा आवाज वाढलाय का?

घरचा_पीसी
पंखा आवाज करतो पण पहिल्यापासूनच. तापमान बघितलं, नुसतं बसलं तर ४५, व्हिडिओ लावला की साठीच्या घरात.

जुनाट
मग उष्णता नाही. तरी धूळ काढाच, पण वायर काढून, आणि हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. गरगर फिरू दिला तर बेअरिंगची वाट लागते. आणि उघडलंच आहे तर बोर्डवरचे कपॅसिटर बघून घ्या, ते उभे डबे असतात ना, डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं किंवा वर तपकिरी काही बाहेर आलेलं असेल तर बाकी सगळं सोडा, बोर्ड गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत असे खराब कपॅसिटर बाजारात फार आले होते, तुमचं मशीन त्यानंतरचं आहे पण बघायला काही जात नाही.

घरचा_पीसी
कपॅसिटर सपाट आहेत, धूळ काढली (बरीच होती, बोलायचं काम नाही). इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ नंबर एकही नाही. १५३ भरपूर आणि १२९ सुद्धा, आणि वेळा अगदी अडकण्याशी जुळतात. म्हणजे डिस्क गेली ना? चेकडिस्क /आर (विंडोजची डिस्क तपासायची आज्ञा) मारू का रात्रभर?

निवांत
नको!! बॅकअप झालाय म्हणून जीवावर येणार नाही, पण मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क /आर म्हणजे तिला सगळ्या पृष्ठभागावरून फिरवून आणणं, त्यात उरलेला जीवही जातो. आणि तो फाइल सिस्टम दुरुस्त करतो, डिस्क नाही. अर्ध्या वाचता येणाऱ्या फाइलींचे तुकडे करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो ते वेगळंच. ज्यांचा डेटा अजून अडकलेला आहे अशा वाचकांसाठी: आधी लिनक्सवरून (विंडोजऐवजी वापरायची दुसरी सिस्टम) डीडीरेस्क्यूने डिस्कची पूर्ण प्रत काढा. तो चांगला भाग आधी उचलतो, खराब जागा नंतरसाठी ठेवतो, कुठवर आला ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो म्हणजे मधे थांबवून परत चालू करता येतं. दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर.

तारेवरचा
आणि डिस्क गेली असं इतक्यात म्हणू नका. ७ नाही, १५३ आणि १२९ आहेत हे मला जरा खटकतंय. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) टाका आणि चार ओळी वाचून दाखवा: ०५, सी५, सी६, सी७. वरती 'गुड' लिहिलेलं दिसलं तरी त्यावर जाऊ नका.

घरचा_पीसी
वरती निळं 'गुड'च आहे. ०५, सी५, सी६ सगळीकडे शून्यंच शून्यं. सी७ ला अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट असं लिहिलंय आणि बरीच शून्यं असून शेवटी १ए४. हा ए कुठून आला आकड्यात?

तारेवरचा
ते हेक्समध्ये दाखवतं मुळात, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायचं, त्यात ए म्हणजे १०. सेटिंगमध्ये रॉ व्हॅल्यू दशमानात करता येतात. १ए४ म्हणजे ४२०.

(आकडाही नेमका ४२० यावा!)

आता नीट ऐका. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता येत नसलेले आणि निकालाची वाट बघणारे, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. हे तीनही डिस्कच्या पोटातले रोग, आणि तुमच्याकडे तिन्ही शून्य. सी७ वेगळा आहे, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत माहिती बिघडली किती वेळा याचा तो हिशोब. बिघडली की परत मागवायची, परत बिघडली की परत, शेवटी विंडोज कंटाळून रीसेट मारतं. तुम्हाला दिसतं ते अडकणं म्हणजे हेच. आणि वर दिसणारा 'गुड' पहिल्या तिघांवरून ठरतो, सी७ कितीही वाढला तरी तो निळाच.

ती वाट म्हणजे साटा केबल. पातळ चपटी असते ती, बहुतेक लाल. काढा आणि दुसरी लावा, बोर्डवर पोर्टही दुसरा वापरा. पॉवरची तार पण काढून घट्ट बसवा. आणि तो ४२० आकडा आता वहीत लिहून ठेवा. केबल बदलल्यावर तो कमी होणार नाही, तो कधीच कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबला पाहिजे.

डबलक्लिक
मग फॉरमॅटनंतर थोडे दिवस बरा कसा होता? केबल तर तीच होती.

तारेवरचा
चांगला प्रश्न. नव्या विंडोजमध्ये स्टार्टअपला गर्दी नसते, इंडेक्सिंग-अपडेट संपले की डिस्कला मागणीच कमी, मागणी कमी म्हणून चुकाही कमी दिसतात. शिवाय केबलचा खराब संपर्क कधी लागतो कधी नाही, डबा जरा सरकवला, पुसताना हलला तरी चार दिवस बरा चालेल. असे अधूनमधून येणारे बिघाडच माणसाला फॉरमॅटवर फॉरमॅट मारायला लावतात.

केबलकाका
माझ्या नावाला जागून लिहितो :) केबल घेताना ज्याच्या टोकाला धातूची पातळ क्लिप असते, खट्ट बसते, ती घ्या. आणि डब्यात कोंबताना तीव्र कोनात दुमडू नका.

पेंग्विनप्रेमी
केबल बदलायच्या आधी एक पक्की परीक्षा करता आली असती, अजूनही करता येईल. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर टाका, हार्ड डिस्कची वायर पूर्ण काढून ठेवा आणि नुसत्या पेन ड्राइव्हवर मशीन दिवसभर चालवा. इन्स्टॉल काहीच करायचं नाही. अडकलं नाही तर डिस्क नाहीतर केबल. डिस्क काढूनही अडकलं तर रॅम, बोर्ड, पॉवर सप्लाय. एका पेन ड्राइव्हमध्ये अर्धा संशय निकाली निघतो.

सावकाश
रॅमसाठी मेमटेस्ट८६ आहे, त्याचाही पेन ड्राइव्ह बनतो, रात्रभर लावून ठेवायचा. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम नापास, "एकच तर एरर आहे" असं चालत नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासा. आणि पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने पुसून परत बसवले की बऱ्याचदा काम होतं, हसू नका, संपर्कावर चढलेला थर निघतो त्याने.

घरचा_पीसी
अपडेट देतो. केबल बदलली, पोर्ट बदलला. तेव्हापासून रोज वापरतोय, सी७ ४२० वरच थांबलाय, १२९ ची नवीन नोंद एकही नाही. मेमटेस्ट पण लावला होता, रॅम पास. आता क्लिक साठून राहणं पूर्ण थांबलं!! अँटिव्हायरसला शिव्या दिल्या इतके दिवस आणि निघाली केबल.

पण मशीन संथ आहे ते आहेच. ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की डिस्क करकर वाजायला लागते. आता रॅम की एसएसडी?

बिनधास्त
बरं, भंगार शब्द मागे घेतो अर्धवट. एसएसडी.

सावकाश
४ जीबीवर ब्राउझर म्हणजे रॅम भरली की विंडोज जास्तीचं सामान डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवतं, परत लागलं की तिथून आणतं. ती करकर त्याचीच. रॅम वाढवली तर करकर कमी होईल, एसएसडी टाकली तर करकर तीच पण झटपट उरकेल. दोन्ही केलं तर उत्तम, एकच करायचं तर एसएसडी आधी, कारण सुरू होण्यापासून सगळ्यातच फरक पडतो. फिरत्या डिस्कला डोकं इकडून तिकडे न्यावं लागतं, त्यामुळे इकडचे तिकडचे छोटे तुकडे ती सेकंदाला साधारण शंभरच्या आसपासच वाचू शकते, साटा एसएसडी तेच काम हजारोंनी करते. विंडोज सुरू होताना अशाच हजारो छोट्या फाइली वाचतं.

आधी एक तपासा, विंडोज ३२ बिट आहे का ६४? ३२ असेल तर ४ जीबीच्या वर रॅम टाकून उपयोग नाही, ती वापरूच शकत नाही. आणि बोर्ड कुठला?

घरचा_पीसी
६४ आहे. बोर्डवर एच६१ लिहिलंय.

सावकाश
एच६१ म्हणजे साटा २ चे पोर्ट, ३ गिगाबिटवाले. एसएसडी साधारण २७०-२८० एमबी प्रतिसेकंदावर अडेल, खोक्यावर ५५० लिहिलेलं असेल त्याच्या निम्मं. काही बिघडत नाही. छोट्या तुकड्यांचा वेग महत्त्वाचा, तो तुम्हाला मिळतोच. रॅमला आणखी एक ४ जीबीची डीडीआर३ पट्टी दुसऱ्या खाचेत. डीडीआर४ चुकूनही आणू नका, खाचेतच बसत नाही.

तारेवरचा
एसएसडी लावताना एक सापळा. त्या काळच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारं बोर्डचं सेटिंग) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय असे दोन असतात. तुमच्याकडे स्टोरएएचसीआयच्या नोंदी येतायत म्हणजे एएचसीआय आहेच, हात लावू नका. पण इतर कुणी हे वाचून आयडीईवर चाललेल्या विंडोजमध्ये थेट मोड बदलला तर पुढच्या सुरुवातीला निळा पडदा, "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल, सेफ मोडमध्ये एकदा सुरू झालं की नेहमीसारखं. आणि हो, एसएसडीला डीफ्रॅग नाही. विंडोजचं ऑप्टिमाइझ तिला ओळखून ट्रिम (कुठली जागा रिकामी झाली ते सांगणारी आज्ञा) पाठवतं, ते तसंच चालू राहू द्या.

पेंग्विनप्रेमी
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे कुणी बोललंच नाही. वाढीव सुरक्षा अपडेटला नाव नोंदवलं तरी घरगुती मशीनला ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला आठव्या जनरेशनपासून पुढचा इंटेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तिसऱ्या जनरेशनचं नाव यादीत नाही. पळवाटा आहेत पण त्यात पुढची अपडेट कधी अडेल याचा भरवसा नाही. ब्राउझर आणि थोडं एक्सेल एवढंच असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका, हलकी आहे.

डबलक्लिक
लिनक्सवर एक्सेल कुठे चालतं?

पेंग्विनप्रेमी
लिब्रेऑफिस आहे, साध्या शीट उघडतात, मॅक्रो (शीटमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्राम) असतील तर मात्र कटकट. म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून चालवून स्वतःच्या फाइली उघडून बघा म्हणतोय.

घरचा_पीसी
एसएसडी आणि ४ जीबीची दुसरी पट्टी दोन्ही टाकलं. मिंट पेन ड्राइव्हवर बघितलं, आवडलं, पण एका शीटमध्ये मॅक्रो आहेत त्यामुळे सध्या विंडोज १०, वाढीव अपडेट चालू केलेत. ते संपेपर्यंत शीट बदलून मिंटवर जाईन. मशीन ओळखू येत नाही इतकं चटपटीत झालंय.

जुनी डिस्क फोटोंसाठी दुसरी म्हणून आत ठेवली आहे. आता एकच शंका, बराच वेळ बसल्यावर फाइल एक्सप्लोरर उघडला की दहाएक सेकंद अडकतो, मग ठीक. परत केबल?

तारेवरचा
सी७ वाढलाय?

घरचा_पीसी
नाही, ४२०च. इव्हेंट व्ह्यूअरमध्येही काही नाही.

तारेवरचा
मग डिस्क झोपलेली असते. पॉवर ऑप्शनमध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' असतं, मुळात बहुधा २० मिनिटं. एक्सप्लोरर सगळे ड्राइव्ह विचारतो, झोपलेली डिस्क परत फिरायला लागेपर्यंत थांबतो. कान लावलात तर गरर्र ऐकू येईल. नको असेल तर तिथे शून्य टाका. मी तुमच्या जागी असतो तर झोपू दिली असती, डिस्क जुनी आहे आणि फोटो रोज कोण बघतं. फक्त बाहेरच्या डिस्कवरची प्रत पुसू नका.